गार, असं मी लिहिलं होतं

लॅबच्या पायरीवर चप्पल काढायच्या आधीच त्यांची डावी बाही कोपराच्या वर गेलेली असायची. रस्त्यावरनंच हात पुढं करून आत यायचे, खुर्चीत बसायचे, मूठ आवळायचे आणि तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडं फिरवून म्हणायचे, "घ्या ताई. किती बी घ्या. पर हात घालून बगा."

'हात घालून बगा' हे त्यांचं पालुपद. शिवाजी पेठेत आमच्या लॅबपासून चार दुकानं सोडून त्यांचं गादीचं दुकान होतं. कुणी जुनी गादी भरून घ्यायला आणली की ते एका कोपऱ्याचे टाके उसवायचे आणि कोपरापर्यंत हात आत घालायचे. डोळे मिटून. ओल कुठं आहे, ढेकळं कुठं झालीत, उंदरानं कुठं संसार थाटलाय, सगळं त्या हाताला कळायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, वरनं चांगली हाय की वो!" त्यावर चाचा म्हणायचे, "वरनं तू बी चांगला हाईस."

त्यांचं नाव मी सांगत नाही. पेठेत सगळे ओळखतील, आणि तसंही हे जे सांगणार आहे ते त्यांच्याविषयी कमी आणि माझ्याविषयी जास्त आहे. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणायचो. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या दुकानात काम नसताना दोन मिनिटं थांबावंसं वाटतं.

चाचांना साखर होती, आणि आठ-नऊ वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसला होता. म्हणजे दर तीन महिन्यांनी माझ्याकडं येणं आलं. तपासणीच्या आधी चार दिवस हा माणूस साधुसंत व्हायचा. बिनसाखरेचा चहा, ज्वारीची भाकरी, पहाटे रंकाळ्याला फेरी. पाचव्या दिवशी उपाशीपोटी येऊन परीक्षेचा अभ्यास झालेल्या मुलासारखे बसायचे. एकदा डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला आणि आकडा दहाच्या वर. मी समजावून सांगितलं, की ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगते.

"सगळं?"

"सगळं."

"भाचीच्या लग्नातली बिर्याणी बी?"

"ती पण."

"आयला! लई चुगलखोर तपासणी हाय की ही!"

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये त्या तपासणीचं नाव चुगलखोर पडलं. माझ्या हाताखालच्या मुलीसुद्धा म्हणायच्या, "मॅडम, या काकांची चुगलखोर लावायची काय?"

चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. रिपोर्ट हातात पडला की तो उलटसुलट बघत आणि परत माझ्यापुढं ठेवत. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. निळ्या पेनानं प्रत्येक आकड्याच्या कडेला मराठीत एक शब्द लिहून द्यायची. 'ठीक.' 'जास्त.' 'लई जास्त, चहा बंद.' ते ते कागद गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या पिशवीत घालून ठेवायचे. पिशवी त्यांनीच शिवलेली, तोंडाला नाडी. मला या पद्धतीचा अभिमान होता, हे कबूल करते. आमच्या कामात रिपोर्ट करायचा असतो, त्याचा अर्थ सांगायचा नसतो. अर्थ डॉक्टरांनी सांगायचा. पण पेठेत कोण ऐकतंय? लोक म्हणतात, "डॉक्टर मरू दे, तुमी सांगा काय झालंय." आणि असं कुणी म्हटलं की माझी मान जरा ताठ व्हायची. तिथंच माझं चुकत होतं, पण ताठ मानेला खालचं दिसत नाही.

मागच्या वर्षाच्या आधीच्या डिसेंबरात त्यांनी एक चिठ्ठी आणली. हृदयाच्या डॉक्टरांची. नेहमीच्या तपासण्या आणि खाली एक नवी, हृदयासाठीची सीआरपी.

सीआरपी तुम्हाला माहीत असेल. करोनाच्या साथीत तिचा आकडा लोक एकमेकांना फोनवर सांगायचे. शरीरात कुठं दाह असला, सूज असली, की रक्तातलं हे एक द्रव्य वाढतं. न्यूमोनिया झाला, गळू झालं, की आकडा भडकतो. पण हृदयवाल्या आणि साखरवाल्या माणसाच्या अंगात कधी कधी फार बारीक दाह चालू असतो. ताप नसतो, दुखत नाही, माणूस हिंडतो फिरतो. आत रक्तवाहिन्या मात्र धुमसत असतात. हे बारीक धुमसणं मोजायची सीआरपी वेगळी. ती आमच्याकडं होत नव्हती. नमुना थंड डब्यात घालून बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवावा लागायचा.

चाचांनी विचारलं, "ह्ये नवं काय काडलंय?"

मी म्हटलं, "अंगात आतल्या आत आग आहे का ते बघायचंय."

ते कॅलेंडरवरची नजर काढून माझ्याकडं वळले. एरवी सुई टोचेपर्यंत वळायचे नाहीत. म्हणाले, "कापसातली आग म्हणा की."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी दुकानात एका गादीत कुणाच्या तरी विडीची ठिणगी गेली होती. कुणालाच कळलं नाही. गादी तीन दिवस थप्पीत पडून होती. वरून हात लावला तर गार. चौथ्या दिवशी कुणीतरी वरची गादी उचलली, वारा लागला आणि भडका उडाला. वडिलांचे दोन्ही पंजे भाजले. "त्या दिसापास्नं मी गादीत हात घातल्याबिगर ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "कापूस वरनं सांगत न्हाई, ताई. कापूस लई लबाड." आणि बाही आणखी वर सरकवून म्हणाले, "घ्या. ह्या टायमाला नीट हात घालून बगा."

मी रक्त घेतलं. तो शनिवार होता. नमुने न्यायला येणारा माणूस अर्ध्या तासापूर्वी येऊन गेला होता. आता सोमवारशिवाय तो येणार नव्हता. नमुना नीट ठेवला असता तर सोमवारी गेला असता, काही बिघडलं नसतं. पण चाचांना घाई होती. लग्नसराई तोंडावर होती, एका मंगल कार्यालयाच्या गाद्या भरायच्या होत्या, आणि सगळे कागद एकदम हातात पाहिजेत असा त्यांचा हट्ट. मी चिठ्ठी परत वाचली. डॉक्टरांनी काय मागितलंय ते मला स्वच्छ कळत होतं. आणि मी मनाशी म्हटलं, साधी सीआरपी लावू. सीआरपी ती सीआरपी.

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत किती वेळा मनात ऐकलं असेल, सांगता येत नाही. सीआरपी ती सीआरपी. वीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईचं वाक्य आहे हे. नव्या मुलीनं म्हटलं असतं तर मी तिला दिवसभर फैलावर घेतलं असतं.

संध्याकाळी आकडा आला, चार आणि वर थोडं. साध्या सीआरपीच्या कागदावर सहाच्या आत सगळं नॉर्मल असतं. बारीक सीआरपी असती तर तीनच्या वर गेल्यावर हृदयाचे डॉक्टर खुर्चीत पुढं सरकून बसले असते. तेही एका आकड्यावर काही ठरवत नाहीत. दात दुखत होता का, सर्दी होती का विचारतात, दोन आठवड्यांनी परत बघतात. पण विचारलं तर असतं. आणि साध्या तपासणीचा खालच्या आकड्यांवर भरवसा धरायचा नसतो, हेही मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं एकही नाही. सगळं ठाऊक असताना मी केलं.

चाचा रिपोर्ट न्यायला आले तेव्हा दुकानातनं तसेच उठून आले होते. भुवयांवर कापूस. रिपोर्ट तपासून सही करायला येणारे डॉक्टर सही करून गेले होते. कागदात चूक काहीच नव्हती, सीआरपी लावली होती आणि सीआरपीच लिहिली होती. मी निळं पेन काढलं. साखरेपुढं लिहिलं, 'जास्त.' चरबीपुढं लिहिलं, 'ठीक.' आणि सीआरपीपुढं, त्यांना आवडेल म्हणून, त्यांच्या गोष्टीतला शब्द लिहिला. 'गार.'

त्यांनी बोट ठेवून तो शब्द वाचला. दोन अक्षरं, पण वेळ लावून वाचली.

"आग न्हाई?"

"नाही चाचा."

"हात घालून बगितलं न्हवं?"

"बघितलं."

असं मी म्हणाले. बघितलं. ते हसले. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, नाडी ओढली आणि म्हणाले, "मग झालं तर. आता त्या डॉक्टरकडं कशाला जातोय? लग्नं उरकली की बगू."

इथं तरी मी तोंड उघडायला हवं होतं. "रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच," एवढं एक वाक्य. मी हे प्रत्येकाला म्हणते, सवयीनं, रोज पन्नासदा. त्या दिवशी पाठीमागं एक रडणारं मूल होतं, त्याची आई होती, फोन वाजत होता. कारणं आहेत माझ्याकडं, पण ती सांगताना माझाच चेहरा मला बघवत नाही.

चार महिने ते डॉक्टरांकडं गेले नाहीत. मी त्यांना रोज बघत होते. दुकानापुढनं जाताना हात वर करायचे. कुणी म्हटलं, "चाचा, जरा दमानं," तर पिशवीकडं बोट दाखवायचे, "आतनं गार हाय मी! ताईनं लिवून दिलंय!" एकदा मी ऐकलं ते. मला बरं वाटलं होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

एप्रिलमध्ये त्या मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर गाद्या चढवताना जिन्यातच ते बसले. सोबतच्या माणसांना वाटलं, दमले. मग घाम बघून रिक्षा बोलावली. वाचले. दुसरा स्टेंट पडला, हृदय मात्र पहिल्यासारखं राहिलं नाही, असं त्यांचा मुलगा सांगत होता. मुलगा तिशीतला, बापाच्याच दुकानात. मी "अरे देवा" म्हणाले, आणि आत जाऊन त्या डिसेंबरचं रजिस्टर काढलं. चिठ्ठीवर काय होतं आणि मी काय लावलं, दोन्ही माझ्याच अक्षरात होतं.

ओळखीच्या एका डॉक्टरांना मी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "तेवढ्या एका आकड्यानं झटका टळला असता असं कोण सांगणार? पण पेशंट समोर आला असता तर गोळ्या बदलल्या असत्या, ओझं उचलू नका म्हणून दरडावलं असतं." मी म्हटलं, "बरोबर." फोन ठेवल्यावर त्या उत्तरातला पहिलाच भाग मनात धरून ठेवायचा मी फार प्रयत्न केला. दुसरा भाग काही सुटला नाही.

महिन्याभरानं चाचा आले. बाही वर गेलेली होतीच, पण हात निम्मा झाला होता. खुर्चीत बसले, तोंड कॅलेंडरकडं. मी आज सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं: चाचा, त्या वेळी मी नीट बघितलं नव्हतं.

तर तेच म्हणाले, "ताई, तवा गार हुतं बगा. तुमी लिवलं हुतं. मागनं पेटलं आसंल."

मी म्हटलं, "हं."

"त्ये चार म्हैनं लई सुखानं झोपलो मी. तुमचं उपकार हायत."

आणि मी परत म्हटलं, "हं." मग शीर शोधली. त्यांची शीर मला कधी शोधावी लागली नव्हती. त्या दिवशी दोनदा टोचावं लागलं.

पुढं ते तीनदा आले. प्रत्येक वेळी मी ठरवलं. एकदा गर्दी होती, एकदा मुलगा सोबत होता, एकदा कुणीच नव्हतं. कुणीच नव्हतं तेव्हाही मी हवापाण्याचं बोलले. सांगितलं असतं तर ते ओरडले असते का? मला वाटतं, नसते ओरडले. मला भीती ओरडण्याची नव्हतीच. ते इतरांना माझ्याकडं पाठवायचं बंद करतील, माझ्या निळ्या अक्षराकडं परत तसे बघणार नाहीत, याची होती. म्हणजे तिथंही मी स्वतःलाच सांभाळत होते.

मग मी एक बावळटपणा केला. घरातली धडधाकट गादी त्यांच्याकडं भरायला दिली. त्यांनी कोपरा उसवला, हात आत घातला, डोळे मिटले आणि उघडून माझ्याकडं बघितलं. "हिला काय बी झालं न्हाई, ताई. कशाला आणलीसा?"

"असू दे. टोचते."

"आतनं न्हाई टोचत ती," ते म्हणाले, आणि गादी ठेवून घेतली. सवडीनं भरून दिली. टाके असे एकसारखे, की बघत राहावं. त्या गादीवर मला अजून धड झोप लागत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी जेवून ते दुकानातच एका भरलेल्या गादीवर आडवे झाले, ते उठले नाहीत. मी लॅब बंद करून गेले. बोळात बायकांच्यात उभी राहिले. कुणीतरी ओळख करून दिली, "ह्या रक्तवाल्या ताई. चाचा लई मानायचे ह्यास्नी." सगळ्यांनी वाट करून मला पुढं घेतलं.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा लॅबमध्ये आला. हातात ती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. बाही खाली होती. मी सांगितल्यावर वर केली. म्हणाला, "डॉक्टर म्हणालेत, माजी बी साखर वाढलीया. अब्बास्नी हृदयाचं हुतं म्हणून ती आगीची तपासणी बी कराय सांगितलीया. अब्बा म्हणायचे, कुटं बी जाऊ नगंस, ताईकडं जा. ती हात घालून बगते." आणि चिठ्ठी काढायला पिशवी उघडली तर सगळ्यात वर तोच कागद. घड्या पडून चिंध्या व्हायला आलेला. कडेला माझं निळं अक्षर.

"ह्यो सगळ्यास्नी दाखवायचे," तो हसून म्हणाला.

मी सुई खाली ठेवली. "तो शब्द खोटा आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांनी दुसरी तपासणी मागितली होती. मी घाईत साधी लावली. आणि गार लिहिलं. त्यांनी विचारलं, हात घालून बघितलं ना. मी हो म्हणाले. बघितलं नव्हतं."

त्यानं त्या निळ्या शब्दावर अंगठा ठेवला. मग त्यानं विचारलं, "अब्बास्नी सांगितलंसा ह्ये?"

"नाही."

"का?"

मागच्या बाकावर दोन माणसं बसली होती, त्यांनी ऐकलं. ऐकू दे म्हटलं. त्यानं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि हात पुढं केला. बाप कॅलेंडरकडं बघायचा. हा सुई शिरेपासून बाहेर येईपर्यंत माझ्या हाताकडं बघत होता.

नमुना मी स्वतः थंड डब्यात ठेवला, स्वतः नमुने न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात दिला. रिपोर्ट आला तशी, मुलगा न्यायला येईल याची वाट न बघता, मी दुकानात गेले. तो कुणाच्या तरी जुन्या गादीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. डोळे मिटलेले. मी थांबले. त्यानं सावकाश हात काढला, कापूस झटकला, कागद घेतला. बोट आकड्यांवरनं खाली नेलं आणि कडेच्या कोऱ्या जागेवर थांबवलं.

"हितं काय लिवलं न्हाईसा?"

"नाही. डॉक्टर सांगतील. आजच जा. मी येते सोबत."

त्यानं पिशवी घेतली आणि नवा कागद जुन्याच्या वर ठेवला. नाडी ओढता ओढता खाली बघतच म्हणाला, "अब्बा असते तर त्येंनी ह्यो कागद घेतला नसता. 'ताई, लिवून द्या' म्हणाले असते."